तहनामा आणि त्याचे वाचक : नागपूर, सेव्र आणि लिस्बन

१

मराठीत ‘सदर’ म्हणजे वाड्याची दर्शनी बैठक. तेथे फिर्याद ऐकली जाते, हिशेब तपासले जातात, आल्यागेल्याला बसविले जाते. कागदपत्रांच्या भाषेत तोच शब्द ‘सदरहू’ असे रूप घेऊन ‘वर उल्लेखिलेला’ या अर्थाने कलमाकलमांतून येत राहतो. इंग्रजी अमदानीत लष्करी व मुलकी ठाण्याच्या गावातील प्रमुख पेठेला ‘सदर बाजार’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि हा शब्द बाजारात आला. रायपूरचा सदर बाजार आज सराफीसाठी ओळखला जातो. मात्र बैठक, दस्तऐवज आणि पेठ हे त्याच्या नावातील तिन्ही अर्थ या शहराच्या इतिहासाशी जुळणारे आहेत. कारण आधुनिक रायपूर हे ठाणे म्हणून उभे राहिले ते एका तहाच्या परिणामातून. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, त्यांच्या जागी आलेले तिसरे रघूजी अल्पवयीन होते, आणि छत्तीसगडचा कारभार कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे गेला. कर्नल अ‍ॅग्न्यू याने १८१८मध्ये कारभाराचे ठिकाण रतनपूरहून रायपूरला हलविले.

तह दोन सत्तांमध्ये होतो. त्याचा भार मात्र पुष्कळदा तिसऱ्यावर पडतो. हा तिसरा, म्हणजे रयत, व्यापारी किंवा वृत्तपत्राचा वाचक, तहाचा मजकूर हाती घेऊन त्यावर बोलू लागला तर तह बदलतो काय? आणि बदललाच, तर नेमके काय बदलते? या प्रश्नाचा विचार राज्यशास्त्रात व आंतरराष्ट्रीय कायद्यात पुष्कळ झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात वेगळे स्वारस्य असावयास हवे. तहनामा ही एक संहिता आहे. तिला भाषा आहे, भाषांतरे आहेत, अभिप्रेत वाचक आहेत आणि अनपेक्षित वाचकही आहेत. प्रस्तुत निबंधात युरोपीय सत्तांनी केलेल्या तहांच्या दुरुस्तीची तीन उदाहरणे या दृष्टीने तपासली आहेत. पहिली दोन रायपूरच्या इतिहासाला थेट स्पर्श करतात. तिसरे युरोपच्या स्वतःच्या नागरिकांचे आहे आणि ते पहिल्या दोहोंवर प्रकाश टाकण्यासाठी घेतले आहे.

२

तिसरे रघूजी वयात आल्यावर १८२६मध्ये कंपनीने त्यांच्याशी तह केला. राज्याचा काही भाग त्यांच्या हाती दिला गेला, परंतु छत्तीसगडसह काही प्रांत सैन्याच्या खर्चासाठी इंग्रजी देखरेखीखाली राखून ठेवण्यात आले. तीनच वर्षांनी, १८२९मध्ये, या तहात दुरुस्ती झाली. राखून ठेवलेले प्रांत राजाला परत मिळाले आणि त्या बदल्यात वार्षिक आठ लक्ष रुपये देण्याचे ठरले. त्यानुसार १८३०मध्ये छत्तीसगड पुन्हा भोसल्यांच्या सुभेदारांकडे आले. चार वर्षांच्या आत एका विस्तीर्ण प्रांताचे भवितव्य दोनदा ठरले, आणि दोन्ही वेळा ते नागपूरची रेसिडेन्सी, राजवाडा आणि कलकत्ता यांच्या दरम्यान ठरले. ज्या प्रांताविषयी हे घडत होते तेथील कोणाला त्याची विचारणा नव्हती. आणि प्रश्न विचारता येईल असे वृत्तपत्रही तेव्हा मराठीत नव्हते. येथे तहदुरुस्ती झाली, परंतु ती लोकमतामुळे नव्हे. पुढील उदाहरणांची तुलना करताना हा आरंभबिंदू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मराठी भाषकांत तहाचा सार्वजनिक वाचक निर्माण झाला तो साताऱ्याच्या प्रकरणात. २५ सप्टेंबर १८१९च्या तहाने साताऱ्याचा मुलूख राजाला, त्याच्या ‘वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना’ कायमचा देण्यात आला होता. १८३९मध्ये प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. १८४८मध्ये त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले आणि त्यांनी घेतलेले दत्तविधान नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. वाद एका शब्दावर आला : ‘वारस’ म्हणजे केवळ औरस, की दत्तकही? हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्र वारस असतो. कंपनीच्या अर्थनिर्णयानुसार मात्र खाजगी मालमत्तेचा वारस वेगळा आणि राज्याचा वारस वेगळा ठरला. कंपनीचे तह बहुधा फार्सीत व इंग्रजीत आणि मराठी दरबारांशी असल्यास मराठीतही लिहिले जात; पण अर्थ कोणत्या भाषेतून लावावयाचा हे सत्तेने ठरविले.

रंगो बापूजी गुप्ते १८४०पासून १८५३पर्यंत लंडनमध्ये हीच संहिता घेऊन उभे होते. त्यांचा मार्ग शस्त्राचा नव्हता. तहाचे कलम वाचून दाखविण्याचा, अर्ज छापून वाटण्याचा आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बाजू मांडवून घेण्याचा होता. जॉन सलिव्हन, जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉमसन यांसारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर यांचेही मत खालसा धोरणाला प्रतिकूल होते. तरीही निर्णय फिरला नाही.

नागपूरचे प्रकरण याच वाटेने गेले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. १८५४च्या जानेवारीत डलहौसीने लिहिलेल्या टिपणात नागपूरचे राज्य हे १८१८नंतर कंपनीने दिलेले दान असल्याचा आणि औरस वारस नसल्याने ते परत घेता येते असा युक्तिवाद आहे. त्याच टिपणात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे इंग्लंडच्या गिरण्यांना असलेले महत्त्वही नमूद आहे. कौन्सिलचा सदस्य कर्नल जॉन लो याने विरोधी मत नोंदविले. वयोवृद्ध बाकाबाई व रघूजींच्या राण्या यांनी आपले वकील लंडनला पाठविले. राजवाड्यातील जवाहीर कलकत्त्यास लिलावात विकले गेले आणि रायपूर हे इंग्रज डेप्युटी कमिशनरचे ठाणे झाले.

टीका मात्र थांबली नाही. लंडनमध्ये १८५३मध्ये जॉन डिकिन्सन याच्या पुढाकाराने ‘इंडिया रिफॉर्म सोसायटी’ निघाली होती. नागपुरात नोकरीस असलेल्या इव्हान्स बेल याने तेथून १८५७-५८मध्ये लिहिलेली पत्रे १८५९मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि भोसले कुटुंबाची बाजू मांडली. मात्र या टीकेला कान मिळाला तो १८५७चा उठाव होऊन गेल्यावर. १ नोव्हेंबर १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात कंपनीने केलेले तह काटेकोरपणे पाळले जातील आणि राज्यविस्ताराची इच्छा नाही अशी ग्वाही आली. १८६२मध्ये कॅनिंगने दत्तकाच्या सनदा दिल्या. १८६५च्या सुमारास छत्तीसगडातील बस्तर, राजनांदगाव, खैरागड यांसारख्या घराण्यांनाही मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता मिळाली.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या टीकेने नियम बदलला, ती ज्यांच्यासाठी केली गेली होती त्यांना त्या बदलाचा लाभ झाला नाही. सातारा परत मिळाले नाही, नागपूर परत मिळाले नाही. नागपूरचे दत्तक जानोजी यांना ‘राजाबहाद्दर, देऊर’ हा किताब व सातारा जिल्ह्यातील देऊरची इस्टेट मिळाली. दुरुस्ती पुढे होणाऱ्या प्रकरणांपुरती झाली. झालेल्या निर्णयाला तिने हात लावला नाही. १८८१मध्ये म्हैसूर तेथील राजघराण्याकडे परत गेले ते याला अपवाद म्हणून सांगता येईल.

३

दुसरे उदाहरण खुद्द युरोपीय शांतता-करारांपैकी एकाचे आहे. त्यावर टीका करणारे लोक हिंदुस्थानातील शहरांत आणि बाजारपेठांत होते.

पहिल्या महायुद्धात हिंदी मुसलमान सैनिक तुर्कस्तानविरुद्ध लढले. ५ जानेवारी १९१८ रोजी पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी जाहीर केले होते की, तुर्कांची राजधानी किंवा तुर्कबहुल आशिया मायनर व थ्रेस हिरावून घेण्यासाठी हे युद्ध नाही. मे १९२०मध्ये तुर्कस्तानपुढे ठेवलेल्या अटी प्रसिद्ध झाल्या आणि १० ऑगस्ट १९२० रोजी सेव्र येथे तह झाला तेव्हा स्मर्ना व पूर्व थ्रेस ग्रीसकडे, सामुद्रधुनी आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली, अरब प्रदेश वेगळे, आर्मेनिया स्वतंत्र अशी व्यवस्था त्यात होती. खिलाफत चळवळीने या तहावर जो आक्षेप घेतला त्याचे स्वरूप रंगो बापूजींच्या युक्तिवादाशी मिळतेजुळते आहे. एक आधीचे वचन आणि एक नंतरची संहिता समोरासमोर ठेवावयाची आणि दोहोंतील विसंगती दाखवावयाची. गांधींनी या प्रश्नाची जी मांडणी केली तिच्या केंद्रस्थानी दिलेला शब्द होता. धर्मभावना आणि वचनभंग यांची ही सांगड घातल्यामुळे ज्यांचा खिलाफतीशी धार्मिक संबंध नव्हता अशांनाही या तहाचे वाचक होता आले.

हे वाचन सर्वत्र अचूक होते असे मात्र म्हणता येत नाही. ‘खिलाफत’ या शब्दाचा ‘खिलाफ’शी, म्हणजे विरोधाशी, संबंध जोडून ही सरकारच्या विरोधातील चळवळ होय अशी समजूत सामान्य लोकांत पसरली होती. दूरच्या तहाची संहिता अशा रीतीने स्थानिक भाषेत उतरताना आपला अर्थ बदलून घेत होती. तुलनाकारांनी ही केवळ गैरसमजुतीची नोंद मानू नये. ग्रहणाच्या प्रक्रियेत परकी संज्ञा ज्या गरजेसाठी स्वीकारली जाते ती गरज तिच्या नव्या अर्थाला आकार देते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

रायपूरच्या बाबतीत ही प्रक्रिया आणखी गुंतागुंतीची आहे. येथील सार्वजनिक जीवनातील काही अग्रगण्य माणसे मराठी भाषक होती आणि त्यांचे कार्य मुख्यतः हिंदीत होते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९००मध्ये ‘छत्तीसगड मित्र’ काढला, १९०७मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालविला, टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर केले; १९२०मध्ये जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. वामनराव लाखे यांनी असहकाराच्या काळात आपली सरकारी पदवी परत केली. मराठी राजकीय विचार हिंदी वाचकापर्यंत नेणारी ही मंडळी होती. त्याच वेळी नागपूर-विदर्भातील टिळकपक्षीय पुढाऱ्यांत, विशेषतः खापर्डे व मुंजे यांच्या वर्तुळात, असहकाराविषयी व खिलाफतीशी केलेल्या युतीविषयी साशंकता होती. १ ऑगस्ट १९२० या असहकाराच्या आरंभदिनीच टिळकांचे निधन झाले. रायपूरचा मराठी भाषक त्यामुळे दोन वाचनांच्या मध्ये उभा होता. एक वाचन सेव्रच्या तहाला साम्राज्याच्या वचनभंगाचा पुरावा मानत होते. दुसरे त्या तहाला परका, धार्मिक आणि स्वराज्याच्या प्रश्नाला फाटा फोडणारा विषय समजत होते.

डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला. ठरावात व्यापाऱ्यांना उद्देशून परदेशी व्यापारसंबंध क्रमाक्रमाने तोडण्याचे आवाहन होते. सदर बाजारासारख्या पेठांना ते थेट लागू होते. फ्रान्समधील एका गावी सह्या झालेल्या तहाविरुद्धची टीका अशा रीतीने दुकानाच्या फळीपर्यंत येऊन पोहोचली. त्याच अधिवेशनात काँग्रेसची घटना बदलून प्रांतिक समित्या भाषेच्या आधारे ठरविण्यात आल्या. मध्यप्रांताचे मराठी व हिंदुस्थानी असे दोन विभाग झाले आणि रायपूर हिंदुस्थानी विभागात आले. एका परक्या तहाला विरोध करण्यासाठी जमलेल्या सभेने आपल्या घरातील सीमा भाषेनुसार आखल्या, आणि रायपूरचे मराठी भाषक त्या सीमेच्या पलीकडे राहिले.

तह बदलला काय? बदलला. १९२१च्या आरंभी लंडन परिषदेत काही सवलती पुढे आल्या, आणि आगाखान, डॉ. अन्सारी व छोटानी यांच्यासह हिंदी मुसलमानांच्या प्रतिनिधींचे म्हणणे तेथे ऐकून घेतले गेले. मार्च १९२२मध्ये व्हाइसरॉय रीडिंग याची, सेव्रचा तह हिंदी लोकमत लक्षात घेऊन दुरुस्त करावा अशी मागणी करणारी तार भारतमंत्री माँटेग्यू याने मंत्रिमंडळाच्या संमतीवाचून प्रसिद्ध होऊ दिली. त्याबद्दल ९ मार्चला त्याला राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, गांधींना अटक झाली. तहावर टीका करणारा आणि ती टीका लंडनला कळविणारा, दोघेही चोवीस तासांच्या आत बाजूला झाले.

मग बदल घडविला तो मुस्तफा कमाल याच्या सैन्याने. १९२१च्या साकार्याच्या लढाईनंतर आणि १९२२मधील ग्रीक सैन्याच्या पराभवानंतर सेव्रचा तह निरर्थक झाला. २४ जुलै १९२३च्या लोझान येथील तहाने स्मर्ना व पूर्व थ्रेस तुर्कस्तानकडे राहिले आणि परकीयांच्या न्यायविषयक सवलती संपल्या. अरब प्रदेश मात्र परत आले नाहीत. आणि ३ मार्च १९२४ रोजी, ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानातील टीका उभी राहिली होती, ती खिलाफत तुर्कस्तानच्या विधिमंडळानेच रद्द केली.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. लोझानच्या व्यवस्थेत आर्मेनियाचा उल्लेख उरला नाही. आणि जानेवारी १९२३च्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल होऊन दहा लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. सेव्रवर टीका करणाऱ्या हिंदी वाचकांनी ज्या कलमांचा अन्याय ओळखला ती कलमे गेली. ज्या कलमांत इतरांना आश्रय होता तीही त्यांच्यासोबत गेली. टीका न्याय्य असली तरी ती संहितेतील सर्वांच्या वतीने केलेली असतेच असे नाही.

४

तिसरे उदाहरण अगदी वेगळ्या परिस्थितीतील आहे. येथे तह करणारी राज्ये आणि तहावर टीका करणारे लोक एकाच घरातील आहेत, आणि त्या लोकांना मताचा अधिकार आहे. मास्ट्रिख्टचा तह (१९९२) डेन्मार्कच्या मतदारांनी जून १९९२मध्ये ५०.७ टक्के मतांनी नाकारला. एडिंबरो येथे काही सवलती देण्यात आल्या आणि मे १९९३मध्ये त्यांनी तो स्वीकारला. डिसेंबर २००१च्या लाकेन जाहीरनाम्याने संघ नागरिकांच्या जवळ आणण्याची गरज मान्य केली, आणि झिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने एकसंध ‘राज्यघटनात्मक तह’ तयार केला. २९ मे २००५ रोजी फ्रान्सने ५४.७ टक्के मतांनी आणि १ जून रोजी नेदरलँड्सने ६१.५ टक्के मतांनी तो नाकारला.

यानंतर जी दुरुस्ती झाली ती संहितेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगी आहे. १३ डिसेंबर २००७च्या लिस्बन तहात ‘राज्यघटना’ हा शब्द गेला. ध्वज व गीत यांचा उल्लेख गेला. ‘परराष्ट्रमंत्री’ या पदाचे नाव बदलले. संस्थात्मक आशय पुष्कळसा टिकला, पण तो आता एका सलग ग्रंथात नव्हता. जुन्या तहांतील कलमांना जोडलेल्या दुरुस्त्यांच्या मालिकेत होता. सामान्य नागरिकाला पहिली संहिता निदान आरंभापासून शेवटपर्यंत वाचता येत होती. टीकेला उत्तर म्हणून तयार झालेली दुसरी संहिता वाचावयाची तर जुने तह शेजारी उघडे ठेवावे लागतात. आयर्लंडने जून २००८मध्ये तिलाही नकार दिला. प्रत्येक सदस्यराष्ट्राचा आयुक्त कायम राहील, तसेच करधोरण, तटस्थता व जीविताचा हक्क यांना बाधा येणार नाही, अशा हमी मिळाल्यावर ऑक्टोबर २००९मध्ये ६७.१ टक्के मतांनी होकार मिळाला आणि १ डिसेंबर २००९पासून तह अमलात आला.

याला केवळ चलाखी म्हणणे एकांगी होईल. याच तहाने दहा लाख नागरिकांच्या सह्यांनी कायद्याचा प्रस्ताव मागण्याचा अधिकार दिला. आणि संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेतील पाठ सारखाच प्रमाण मानण्याचे आधीपासूनचे तत्त्व २३ भाषांपुरते कायम ठेवले. पुढे २०२१-२२मध्ये नागरिकांच्या सहभागाने भरलेल्या ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषदे’ने ४९ प्रस्ताव मांडले, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये युरोपीय संसदेने तहदुरुस्तीचे प्रस्ताव संमत केले. नकार देणारा वाचक येथे पुसला गेला नाही, त्याला पुन्हा विचारण्यात आले. दोनदा विचारणे हा आदर की आग्रह, यावर युरोपात मतभेद आहेत.

५

या तीन उदाहरणांतून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, लोकमताच्या टीकेने तहाची दुरुस्ती होते ती क्वचितच थेट. १८५८च्या जाहीरनाम्यामागे उठावाचे भय होते, लोझानमागे रणांगणावरील जय होता, लिस्बनमागे मतपेटी होती. तर्कशुद्ध वाचनाच्या पाठीशी अशी एखादी शक्ती असल्यावाचून संहिता हललेली दिसत नाही. रंगो बापूजींचा युक्तिवाद १८४८मध्ये जितका बरोबर होता तितकाच १८६२मध्ये होता. ऐकणाऱ्याची परिस्थिती तेवढी बदलली होती.

दुसरा निष्कर्ष भाषेचा आहे. सातारा-नागपूरच्या प्रकरणात ‘वारस’ या शब्दाला मराठीत असलेला अर्थ इंग्रजी पाठापुढे टिकला नाही. युरोपीय संघात भाषांची समान प्रामाण्यता मान्य आहे. परंतु तेथेही वाचनीयतेचा प्रश्न सुटला नाही. भाषा आपली असूनही संहिता परकी असू शकते. तहाचे लोकशाहीकरण भाषांतराने आरंभते, पण भाषांतराने पूर्ण होत नाही.

तिसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. दुरुस्तीचा लाभ टीकाकाराला मिळेलच असे नाही, आणि तिची किंमत बहुधा संहितेबाहेरच्या कोणाला तरी द्यावी लागते. नागपूरच्या भोसल्यांसाठी झालेल्या टीकेने इतर संस्थाने वाचली. खिलाफतीसाठी झालेल्या टीकेचे मागणे अखेर ज्यांच्या जयामुळे तह बदलला त्यांनीच मोडीत काढले, आणि आर्मेनियन व विस्थापित ग्रीक-तुर्क यांना त्या दुरुस्तीचा भार सोसावा लागला. लोकमत म्हणजे कोणाचे मत, हा प्रश्न तहावरील टीकेलाही तितकाच लागू आहे.

तरीही या टीकेचे काही फलित उरतेच. १८२९मध्ये छत्तीसगडचा ताबा बदलला तेव्हा त्या तहाला येथे वाचक नव्हता. १९२०मध्ये फ्रान्समध्ये सह्या झालेल्या तहाची चर्चा येथील पेठेत करता येत होती, त्यावर मतभेद होत होते आणि व्यापाऱ्याने काय विकावे याच्याशी त्याचा संबंध जोडला जात होता. तहाच्या कलमांत फार थोडा फरक पडला असला, तरी नव्वद वर्षांत तो वाचणारा समाज निर्माण झाला होता. वाड्याच्या सदरेवर बसणाऱ्या मोजक्या माणसांपुरता असलेला मजकूर सदर बाजारापर्यंत आला. तहदुरुस्तीच्या इतिहासात या प्रवासाची नोंद सहसा होत नाही, कारण तो कोणत्याही कलमात लिहिलेला नसतो. साहित्याच्या तौलनिक अभ्यासाने ती करावयास हवी.